कोणत्या वाळवंटात?

माझं नवीन लग्न झालं तेव्हा शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, "सूनबाई कॉलेजात काय शिकवते हो?" सासूबाई दळण निवडत होत्या. त्यांनी हातातला सोंडकिडा चिमटीत धरून बाजूला टाकला, सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "हेच."

त्या एका शब्दात माझ्या सगळ्या नोकरीचं वर्णन आलं. नांदेडच्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. वाघ, हत्ती, साप असे मानाचे प्राणी बाकीच्यांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला भुंगेरे आले, आणि मी ते आवडीनं घेतले. पोरं मला आधी पाठीमागे 'किडेबाई' म्हणायची, पुढे पुढे तोंडावर म्हणायला लागली. मला राग येत नसे. राग यायचा तो भुंगा आणि भुंगेरा यांत घोळ घातला की. भुंगा गुणगुणतो आणि लाकूड पोखरतो, तो मधमाशीच्या नात्यातला. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख टणक झाकणासारखे असतात, आणि उडायचे नाजूक पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. शेणाची गोळी ढकलणारा भुंगेराच, उसाची मुळं कुरतडणाऱ्या हुमणीची आई भुंगेराच, आणि आपण ज्याच्यावर भाळतो तो काजवासुद्धा भुंगेराच. एवढं कळलं तरी अर्धा विषय कळला, असं मी पहिल्या तासाला सांगत असे.

या नोकरीत माणसंही नाना तऱ्हेची भेटली. किल्लारीकडचे एक शेतकरी हुमणीचे भुंगेरे दाखवायला एसटीनं नांदेडला आले. पाण्याच्या बाटलीत भरून आणले होते आणि जीव गुदमरू नये म्हणून टोपण सैल ठेवलं होतं. माझ्यासमोर बाटली ठेवली तेव्हा आत जेमतेम दोन-तीन उरलेले. मी विचारलं, "एवढेच?" ते गंभीरपणे म्हणाले, "न्हाई बाई, लई होते. बाकीचे अहमदपूरला उतरले." कंडक्टरनं त्यांना उतरवलं नाही, हे त्या कंडक्टरचे उपकार.

दुसरे होते कंधारचे अप्पा. गळ्यात शिवलिंग, कपाळाला भस्म, आणि बाजारपेठेत डाळी-धान्याचं दुकान. त्यांच्या हरभऱ्याला टोके लागले होते. विषाच्या गोळ्या ठेवायला मन धजत नव्हतं. म्हणाले, "मॅडम, जीव हाय त्यो बी. पण हरभरा माझा हाय." मी त्यांना कडक ऊन आणि घट्ट झाकणं हा उपाय सांगितला. टोकाही भुंगेराच, हेही सांगितलं. अप्पांना त्यात काही रस नव्हता. पण त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी शिवकन्या आली होती. तिनं विचारलं, "मॅडम, डाळीत तर थेंबभर पाणी नसतं. मग हे जगतात कसे?"

मी इतकी वर्षं शिकवलं, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शिवकन्या पुढे माझीच विद्यार्थिनी झाली आणि त्याच प्रश्नावर पीएच.डी. करायला लागली. पाण्याशिवाय भुंगेरे कसे भागवतात, हा तिचा विषय. त्याच्या तीन पायऱ्या आम्ही ठरवल्या. पहिली पायरी अप्पांच्या दुकानातला टोका. दुसरी, गोदावरीच्या वाळूत राहणारा एक काळा भुंगेरा. तिसरी, खऱ्या वाळवंटातले त्याचे भाऊबंद, जे जन्मात पाण्याच्या काठाला जात नाहीत. दोन पायऱ्या झाल्या होत्या. तिसरीसाठी राजस्थानात जाऊन जिवंत भुंगेरे आणणं भाग होतं. तिची मुदत संपत आली होती आणि मीही पुढच्या वर्षी घरी बसणार होते. त्या वर्षी जमलं नसतं तर पोरीची सगळी मेहनत अर्ध्या जिन्यावर थांबली असती.

वाटेल तिथले किडे उचलून आणता येत नाहीत. त्याला वन खात्याची लेखी परवानगी लागते. माझ्या अर्जाच्या चौकशीला फोन केला तर तिकडचा बाबू हसायलाच लागला. "बाईजी, किडे हवेत? माझ्या घरी या, हवे तेवढे न्या." मीही म्हटलं, तुमच्या घरचेही नेईन, पण पत्र द्या. पत्र आलं, पण दसरा ते दिवाळी एवढ्याच काळापुरतं. म्हणजे नेमकी सोयाबीन काढणी. आमच्याकडे त्या दिवसांत माणूसही मोकळा नसतो आणि गाडीही.

तयारी म्हणाल तर फार मोठी नव्हती. वाळूत तोंडापर्यंत पुरायला प्लास्टिकचे ग्लास घ्यायचे. भुंगेरा चालत येतो आणि आत पडतो, कडा गुळगुळीत असल्यानं त्याला वर चढता येत नाही. वाळू चाळायला पिठाची चाळणी. ठेवायला गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्या, त्या अप्पांनी दुकानातून धुऊन-पुसून दिल्या. खायला गव्हाचा कोंडा. शिवाय ऊन चढायच्या आत काम उरकायचं. वाळवंटातला भुंगेरा पहाटे फिरतो, त्याच्या पावलांची नक्षी वाळूवर ताजी असते, ती धरून मागे जायचं. वाळू तापली की तो आत शिरतो आणि मग ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

खरा प्रश्न गाडीचा होता. रेल्वेनं जाऊन तिकडे जीप करता आली असती. पण अप्पांनी अट घातली. "पोरगी इतक्या लांब चालली मॅडम, गाडीवाला वळखीचा पायजे. मारोतीराव येत असतील तर पाठवतो. त्यांच्यावर आमचा इतबार हाय."

मारोतीराव लोह्याचे. त्यांची जीप आमच्या सहलींना अनेक वर्षं लागत होती. माणूस शांत, गाडी स्वच्छ, आणि मुलींशी बोलताना मान खाली. पण त्यांचा एक नियम साऱ्या लोह्याला ठाऊक होता. ते मुक्कामाचं भाडं घेत नसत. कितीही लांब जा, दिवेलागणीला ते परत. कारणही सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी आग्रह करत नसे. ते मूळचे किल्लारीचे. भूकंप झाला त्या रात्री ते भाडं घेऊन लातूरला मुक्कामी होते. सकाळी परतले तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. आई गेली, धाकटा भाऊ गेला. बायकोला, प्रयागबाईंना, लोकांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. पुढे दोघं लोह्याला, प्रयागबाईंच्या माहेरी, येऊन राहिले. त्यानंतर मारोतीराव एकही रात्र बाहेर राहिले नाहीत.

हे ठाऊक असूनही मी त्यांना फोन केला, कारण दुसरा मार्गच नव्हता. म्हटलं, विचारून तर बघू, नाही म्हणाले तर समजून घेऊ. "मारोतीराव, वाळवंटात जायचंय. भुंगेरे धरायला. शिवकन्या आहे सोबत. दसरा झाला की निघू. याल का?"

"हाव, येतो की बाई."

मला खरंच वाटेना. म्हटलं, "गाडी नीट तपासून घ्या हं."

"वाळवंटात जायला काय तपासायचं हो? चालतंय."

फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. या माणसानं माझ्यासाठी आपला नियम मोडला, या विचारानं मी दोन दिवस घरात पाय जमिनीवर न ठेवता वावरले. अप्पांना कळवलं, शिवकन्येनं बरण्यांना जाळीची झाकणं बसवली.

निघायच्या सकाळी अप्पा मुलीला घेऊन नांदेडला माझ्या घरी आले. अंगणात ट्रंका, पाण्याचे कॅन, पांघरुणं. इतक्यात मारोतीरावांची जीप आली. ते उतरले. खांद्यावर टॉवेल, एका हातात दशम्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात वाळू उपसायची बादली. सामानाकडे बघून म्हणाले, "बाई, येवढं सामान? संसार हलवून राहिल्या का काय?"

"मारोतीराव, तुमची पिशवी कुठंय?"

"कशाला? दिवा लावायच्या येळेला घरी असतो की म्या."

शिवकन्या हसली. तिला वाटलं ते थट्टा करतायत. म्हणाली, "काका, राजस्थानला जायला तीन दिवस लागतील. दिवा तिकडंच लावायचाय."

मारोतीरावांनी बादली खाली ठेवली. "राजस्थान? बाई, तुमी वाळवंट म्हणल्या व्हत्या."

"वाळवंटच आहे ते."

"वाळवंट तिकडं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी हात गोदावरीकडे केला.

आता यात त्यांचं काय चुकलं? आपल्या भाषेत नदीकाठची वाळू म्हणजे वाळवंट. मी स्वतः त्यांना किती वेळा फोन करून "वाळवंटात जायचंय" म्हटलं होतं, आणि आम्ही गोदावरीच्या वाळूतले भुंगेरे धरून संध्याकाळच्या आत परतलो होतो. उंटाचं वाळवंट आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात भेटतं. नदीचं वाळवंट आपलं, रोजच्या बोलण्यातलं. मी पुस्तकातलं बोलले आणि त्यांनी घरचं ऐकलं. एका शब्दापायी एवढा मोठा घोटाळा माझ्या विषयात लॅटिन नावांनीही कधी केला नाही.

मारोतीराव पायरीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्या न्हाई येऊ शकत बाई. तुमाला ठाव हाय."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. अप्पांनी शिवकन्येची ट्रंक उचलून आपल्या बाजूला ओढली. पोरीनं ट्रंकेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बरण्या मोजायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

मारोतीरावांनी घरी फोन लावला, बहुधा लवकर येतो म्हणून सांगायला. त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असे, त्यामुळे प्रयागबाई आम्हा सगळ्यांनाच ऐकू आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरीचं काम अडून ऱ्हाईल का?"

"हाव."

"किती रोज लागतेत?"

"आठ-धा लागतेत म्हणं."

पलीकडून आवाज आला, "मंग मला घ्यायला या."

"तुला? लोहा उलटं पडतंय, प्रयागा."

"पडू द्या उलटं. मला सोडून मुक्काम करत न्हाई ना तुमी? मंग मला घेऊन करा. पीठ भरून ठिवते."

अप्पांनी ट्रंक होती तिथे परत सरकवली. म्हणाले, "बाई संगं हाय म्हणल्यावर आमाला फिकीरच न्हाई." अशा रीतीनं आमची राजस्थानची सफर सुरू झाली ती दक्षिणेच्या दिशेनं, लोह्याकडे. प्रयागबाई रस्त्यावर उभ्या होत्या. सोबत ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि स्टोव्ह. घराची किल्ली शेजारणीला देऊन झाली होती. गाडीत बसताना म्हणाल्या, "चला. म्या बी वाळवंट बगितलं न्हाई. म्हंजे ते मोठ्ठं."

वाटेतले मुक्काम सोपे नव्हते. आम्ही तिघी लॉजच्या खोलीत झोपायचो, मारोतीराव जीपमध्ये. छपराखाली यायला ते तयार होईनात. सकाळी बघावं तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, डोळे लाल. मी काळजीनं विचारलं तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "घरी बी असंच असतंय, बाई. अंगणात बाज टाकतेत. मोटार गेली, जमीन हालली की उठून बसतेत. सलग झोपलेलं म्या तवापासून बगितलंच न्हाई." इतकी वर्षं या माणसाच्या भरवशावर मी डुलक्या काढत प्रवास केला, आणि तो घरी जाऊन असा जागा राहत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. एका वस्तीवरच्या कुटुंबानं आम्हाला आपल्या घराबाहेर बाजा टाकून दिल्या. चहूकडे वाळू, कुठेतरी एखादं खेजडीचं झाड, आणि वर नुसतं आभाळ. काम दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू करायचं ठरलं. वस्तीपासून लांब, जीपनं पोचता येईल अशा टेकड्यांवर जायचं होतं. सूर्य वर यायच्या आत पोचायलाच हवं, हे मी सगळ्यांना दोनदा बजावलं.

पहाटे मी उठले. शिवकन्या बूट उलटे झटकून घालून तयार होती, ग्लास, चाळणी, बरण्या सगळं हाताशी. मी मारोतीरावांना हाक मारायला वळले तर प्रयागबाईंनी हात वर केला.

त्या नवऱ्याच्या बाजेशेजारी वाळूवर बसल्या होत्या. मारोतीराव कुशीवर वळून झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर, बारीक घोरणं. जीपची किल्ली उशाखालच्या सदऱ्याच्या खिशात.

"हळू बोला बाई," प्रयागबाई कुजबुजल्या. "झोपलेत त्ये."

पूर्वेला उजाडायला लागलं होतं. परवानगीतले काही दिवस आधीच प्रवासात गेले होते. आता एकेक सकाळ मोलाची होती. मी शिवकन्येकडे बघितलं. काम तिचं, निर्णय तिचा. तिनं एकदा दूर टेकड्यांकडे बघितलं, मग वाकली, बूट काढले, आवाज होऊ नये म्हणून बरण्या एकेक करून वाळूवर ठेवल्या आणि प्रयागबाईंच्या शेजारी जाऊन बसली. त्या क्षणी मला त्या पोरीचा जो अभिमान वाटला तो पुढे तिच्या पदवीच्या दिवशीही वाटला नाही.

आम्ही तिघी बसून राहिलो. ऊन वाळूवर उतरलं. मारोतीराव झोपलेलेच. तेवढ्यात शिवकन्येनं माझा हात दाबला. बाजेच्या पायापाशी एक काळा भुंगेरा उंच पायांवर तुरुतुरु चालत होता. रात्री प्रयागबाईंनी भाकरीचं पीठ झटकलं होतं, ते खायला आला असणार. त्याच्या मागे दुसरा. एक तर बाजेवरून लोंबणाऱ्या पांघरुणावर चढला आणि मारोतीरावांच्या गुडघ्याच्या दिशेनं निघाला. शिवकन्या उठायला लागली तशी प्रयागबाईंनी तिला खाली बसवलं. अलगद हात पुढे करून त्यांनी तो भुंगेरा दोन बोटांत उचलला, बरणीत सोडला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आमच्या तिसऱ्या पायरीचे पहिले भुंगेरे असे मिळाले. पुढच्या सकाळी टेकड्यांवर आणखी मिळाले, हवे तेवढे मिळाले.

ऊन तोंडावर आलं तेव्हा मारोतीराव दचकून उठले. सूर्य बघितला आणि ओशाळले. "बाई, लई येळ झाला की! उठवलं कामून न्हाई? काम बुडलं तुमचं."

"काही बुडलं नाही. झोप झाली का?"

बाजेवर बसून त्यांनी चहूकडे बघितलं. भिंत नाही, दगड नाही, छप्पर नाही. मग वर बघितलं आणि बायकोला म्हणाले, "प्रयागा, हितं वरून पडायला कायबी न्हाई की गं."

त्या दिवशी प्रयागबाईंनी नवऱ्यासाठी शेंगदाण्याचा कूट घालून पिठलं केलं आणि त्यांना दोनदा वाढलं. तिथल्या उरलेल्या सगळ्या रात्री मारोतीराव उजाडेपर्यंत झोपले. रात्री जीपची किल्ली मात्र ते आठवणीनं माझ्या बाजेवर ठेवून झोपायचे, आणि पहाटे टेकड्यांपर्यंत जीप शिवकन्येनं चालवली. अप्पांना हे आजही ठाऊक नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर मी निस्तरेन.

शिवकन्या आता कंधारला शिकवते. कॉलेजच्या कपाटात आमचे भुंगेरे आहेत. त्यांची आयुष्यं संपल्यावर आम्ही ते रीतीप्रमाणे टाचले, टाचणी उजव्या झाकणातून. प्रत्येकाखाली चिठ्ठी असते, कुठे मिळाला आणि कुणी धरला. त्यातल्या एकाखाली जागा लिहिलीय 'झोपलेल्या माणसाचं पांघरूण', आणि धरणाऱ्याचं नाव आहे प्रयागबाई. माझ्या नोकरीतलं माझं आवडतं लिखाण हेच. मी या धंद्यात पोटापाण्यापलीकडे काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी ती चिठ्ठी दाखवते. माझ्या किड्यांसाठी माणसांनी बरण्या धुतल्या, पीठ भरलं, उलट्या वाटेनं गाड्या वळवल्या. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

मारोतीराव अजून जीप चालवतात. मुक्कामाचं भाडं अजूनही घेत नाहीत. लोह्याला अजून अंगणातच झोपतात, तेही तुटक तुटक. पण दसरा झाला की त्यांचा फोन येतो. "बाई, वाळवंटात जायाचं का?"

मला सगळं ठाऊक असतं, तरी मी दरवर्षी मुद्दाम विचारते, "कोणत्या वाळवंटात, मारोतीराव?"

आणि तेही दरवर्षी तेच सांगतात, "जितं झोप लागती, त्या."